भोपळ्याच्या बिया आणि उतारवयातील मूत्रविकार

कार्तिक महिन्यात पहाटे चारच्या सुमारास काशीच्या पंचगंगा घाटावर गेल्यास आदल्या संध्याकाळी बांबूंच्या टोकांवर टांगलेल्या करंड्यांतील आकाशदीप विझत आलेले दिसतात, आणि त्या अंधुक उजेडात वृद्ध स्त्री-पुरुष भिंतीचा आधार घेत उभ्या चढणीच्या पायऱ्या एकेक करून उतरत असतात. गंगा, यमुना, सरस्वती, किरणा आणि धूतपापा या पाच नद्यांचा संगम येथे मानलेला आहे. कार्तिकस्नानाचे माहात्म्य या घाटावर विशेष. वर औंधच्या पंतप्रतिनिधींनी बांधविलेले बिंदुमाधवाचे मंदिर आहे, आणि लगतच्या दुर्गाघाट व ब्रह्माघाट या वस्त्यांत पेशवाईपासून मराठी घराणी नांदत आली आहेत. त्यामुळे या पायऱ्यांवर मराठी शब्द कानी पडला तर नवल वाटत नाही.

बारकाईने पाहणाऱ्यास येथे आणखी एक गोष्ट आढळेल. साठी उलटलेले पुष्कळ पुरुष पाण्यात उतरण्यापूर्वी आडोसा शोधतात, बराच वेळ तेथे खोळंबतात, परत येतात आणि थोड्याच वेळात पुन्हा त्याच आडोशाकडे वळतात. बरोबर आलेल्या मुलास वा सुनेस हे दिसते. पण त्याविषयी कोणी बोलत नाही. वय झाले की असे व्हावयाचेच, अशी सर्वांची समजूत असते. घरी मात्र कोणीतरी शेजारी किंवा व्याही हलक्या आवाजात एक उपाय सुचवितो: “भोपळ्याच्या बिया खात जा.”

हा सल्ला आपल्याकडेच नव्हे, तर जर्मनी, ऑस्ट्रिया आणि तुर्कस्तानातही दिला जातो. त्यात तथ्य किती आणि भाबडेपणा किती, याचा विचार या पुस्तिकेत करावयाचा आहे. बी निरुपद्रवी असल्याने हा विचार कशाला करावा, असे एखाद्यास वाटेल. बी निरुपद्रवी आहे हे खरे. परंतु ती खात असता जो काळ निघून जातो तो पुष्कळदा निरुपद्रवी नसतो.

कोणता भोपळा?

प्रथम नावांचा घोळ निस्तरला पाहिजे. मराठीत भोपळा म्हटले की दुध्या, लाल भोपळा, आणि सतारीला लागतो तो कडू भोपळा, असे सगळेच डोळ्यांपुढे येतात; कोहळा मात्र आपण वेगळा काढतो. काशीत गेलेल्या मराठी माणसाची येथेच फसगत होते. तेथील भाजीबाजारात ‘कोंहडा’ म्हणून जे फळ मिळते तो आपला लाल भोपळा. आणि आपला कोहळा, ज्याच्या फोडी साखरेच्या पाकात मुरवून पेठा करतात, तो तेथे भतुआ किंवा पेठा या नावाने ओळखला जातो. कार्तिक शुद्ध नवमीस, म्हणजे कूष्मांडनवमीस, ज्याचे दान करावयाचे आणि ज्याच्या पोटात गुप्तदान म्हणून नाणे किंवा सोन्याचा कण घालावयाचा, तो हाच कोहळा होय.

संस्कृत ग्रंथांतील ‘कूष्मांड’ हेही कोहळ्याचेच नाव. लाल भोपळा प्राचीन भारतास ठाऊक असणे शक्यच नव्हते, कारण त्याचे मूळ स्थान अमेरिका खंड आहे. मेक्सिकोच्या ओआहाका प्रांतातील गिला नाकित्झ नावाच्या गुहेत या कुळातील लागवडीच्या भोपळ्याच्या सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीच्या बिया सापडल्या आहेत. कोलंबसानंतर युरोपीय जहाजांतून तो पूर्वेकडे आला आणि आपल्या शेतांत, श्राद्धाच्या स्वयंपाकातसुद्धा असा मिसळला की तो परका होता हे कोणाच्या ध्यानीमनी राहिले नाही.

हा तपशील केवळ जिज्ञासेचा नाही. भोपळ्याच्या बियांची शिफारस करताना ‘आपल्या आयुर्वेदात हे सांगितलेच आहे’ असे ठोकून देण्याची प्रथा पडली आहे. वस्तुस्थिती काय आहे? सुश्रुतसंहिता ही काशिराज दिवोदास धन्वंतरीने सुश्रुतादी शिष्यांस केलेला उपदेश म्हणून रचलेली आहे. म्हणजे परंपरेने ती काशीचीच विद्या. तिच्या उत्तरतंत्रात मूत्राघाताचे, अर्थात लघवी अडण्याच्या विकारांचे, बारा प्रकार वर्णिले आहेत. त्यांपैकी ‘वाताष्ठीला’ या प्रकारात गुदमार्ग आणि मूत्राशय यांच्या दरम्यान गोट्यासारखी कठीण, उंचावलेली गाठ उत्पन्न होते व ती मलमूत्राची वाट अडविते, असे म्हटले आहे. अष्ठीला म्हणजे वाटोळा दगड. शरीरातील जे स्थान येथे सांगितले आहे ते आज आपण ज्या ग्रंथीविषयी बोलणार आहोत तिच्या स्थानाशी इतके जुळते की पुष्कळ वैद्य या दोहोंचा संबंध जोडतात, आणि ते गैर वाटत नाही. त्याच अध्यायात बियांचा उपायही आहे. पण ती बी एर्वारूची, म्हणजे काकडीची. सैंधव घालून तिचा कल्क आंबवलेल्या कांजीबरोबर द्यावा, असे सांगितले आहे. काकडी, कोहळा व लाल भोपळा ही तिन्ही एकाच कुळातली खरी. तथापि एका भावाची साक्ष दुसऱ्याच्या नावावर लिहून चालत नाही.

युनानी परंपरेतील ‘चार मगज’, म्हणजे काकडी, खरबूज, कलिंगड आणि भोपळा यांच्या सोललेल्या बिया, काशीच्या ठंडाईत आजही वाटल्या जातात. लघवीच्या तक्रारीवर भोपळ्याची बी हे औषध म्हणून जे रूढ झाले ते मात्र मुख्यतः मध्य युरोपात. ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतात सुमारे शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी भोपळ्याच्या एका जातीत उत्परिवर्तन होऊन तिच्या बीवरचे टणक कवच नाहीसे झाले. पातळ हिरव्या पापुद्र्याची ही बी सोलावी लागत नाही; तिच्यापासून गडद हिरवे तेल काढतात. शास्त्रीय परीक्षणे बहुतेक याच बीवर झाली आहेत. आपल्या घरी भाजीसाठी चिरलेल्या लाल भोपळ्यातून निघणारी पांढरी, कवचाची बी बहुधा निराळ्या जातीची असते. दोहोंचे पोषणमूल्य जवळपास सारखे असले, तरी एकीवरचा प्रयोग दुसरीस तंतोतंत लागू पडेल असे गृहीत धरणे शास्त्राला धरून नाही.

ग्रंथी कोठे असते व काय करते

या ग्रंथीचे परिभाषेतील नाव ‘पुरःस्थ ग्रंथी’. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘पुढे उभा असलेला’ असा असल्यामुळे भाषांतर अचूक आहे. पण रोग्यास ते समजत नाही आणि डॉक्टर ते वापरीत नाहीत. म्हणून प्रस्तुत लेखकाने पुढे सर्वत्र ‘प्रोस्टेट’ हाच रूढ शब्द ठेवला आहे. शब्द शुद्ध असावा हे खरे, परंतु दवाखान्याच्या दारात तो उपयोगी पडावा हे अधिक खरे.

प्रोस्टेट फक्त पुरुषांत असते. तारुण्यात तिचा आकार अक्रोडाएवढा व वजन सुमारे २० ग्रॅम असते. वीर्याचा काही द्रवभाग ती निर्माण करते. तिची जागा मात्र अडचणीची आहे. मूत्राशय ही एक स्नायूंची पिशवी मानली तर तिच्या तोंडाशीच ही ग्रंथी बसलेली असते, आणि मूत्रमार्ग तिच्या मधोमध आरपार गेलेला असतो. मण्यातून दोरा ओवावा तसा. मणी बाहेरच्या अंगाने वाढला तर दोऱ्यास काही होत नाही. पण वय वाढते तशी ही ग्रंथी नेमकी आतल्या, मार्गाला लगटून असलेल्या भागात वाढते. शवविच्छेदनांच्या अभ्यासांवरून असे दिसते की पन्नाशीतील सुमारे निम्म्या पुरुषांत ही वाढ सूक्ष्मदर्शकाखाली आढळते, आणि ऐंशी ओलांडलेल्यांत दहापैकी आठ-नऊ जणांत. ही वाढ कर्करोग नव्हे, आणि तिचा कर्करोग होतो असेही नाही. दोन्ही विकार एकाच ग्रंथीत स्वतंत्रपणे उद्भवू शकतात, एवढेच.

वाढीचे कारण शोधताना एक विलक्षण दुवा हाती लागला. कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकात काही कुटुंबांमध्ये मुले जन्मतः मुलींसारखी दिसत आणि वयात येताना त्यांच्यात पुरुषत्वाची लक्षणे प्रकटत. १९७४ मध्ये या कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे अधिक प्रभावी अशा डायहायड्रोटेस्टोस्टेरॉनमध्ये रूपांतर करणारे वितंचक कमी होते, असे त्यात दिसून आले. आणि अशा पुरुषांची प्रोस्टेट मोठेपणीही लहानच राहते. याचा अर्थ, ग्रंथीस वाढविणारे खत हे दुसरे संप्रेरक होय. त्या वितंचकास रोखणारे फिनास्टेराइड हे औषध १९९२ पासून अमेरिकेत वापरात आले. ते ग्रंथीचा आकार हळूहळू, काही महिन्यांत, कमी करते.

परंतु अडथळा नुसत्या आकारमानाचा नसतो, आणि ही गोष्ट घाटावरील पहाट समजण्यास आवश्यक आहे. प्रोस्टेटमध्ये व मूत्राशयाच्या तोंडाशी गुळगुळीत स्नायूंचे तंतू असतात. ज्या मज्जातंतूंच्या योगाने थंडीत अंगावर काटा येतो व हातपायांच्या रक्तवाहिन्या आकसतात, तेच मज्जातंतू या स्नायूंनाही आवळतात. थंडीत त्वचेतील रक्त आत ढकलले जाते. मूत्रपिंडे तो जादा साठा ओळखून अधिक लघवी तयार करतात. गार पाण्यात उतरल्यावर हा परिणाम आणखी वाढतो. म्हणजे एकीकडे मूत्राशय नेहमीपेक्षा लवकर भरते आणि दुसरीकडे त्याचे तोंड नेहमीपेक्षा घट्ट होते. पहाटेच्या गारव्यात घाटाची पायरी उतरणाऱ्या वृद्धास दोनदा आडोसा का शोधावा लागतो, आणि तेथे उभे राहूनही धार का सुरू होत नाही, याचा उलगडा यात आहे. टॅम्सुलोसिनसारखी औषधे हाच आवळलेला स्नायू सैल करतात. त्यांचा गुण काही दिवसांतच जाणवू लागतो.

मूत्राशयाचे वर्तन तर मोठे बोधप्रद आहे. पुढे वाट अरुंद झाली की ते अधिक जोर लावते, आणि जोर लावणारा कोणताही स्नायू जसा जाड होतो तशी त्याची भिंत जाड होते. जाड भिंत चिडखोर बनते. थोडी लघवी साठली तरी कळ येते. रात्री तीन-चार वेळा उठावे लागते ते येथून. पुढे कित्येक वर्षांनी स्नायू थकतो. लघवी पूर्णपणे बाहेर पडत नाही, उरते. उरलेल्या लघवीत जंतू वाढतात, खडे धरतात. काही जणांत पिशवी काठोकाठ भरून वरचे पाणी तेवढे थेंबथेंब गळत राहते. बाहेरून पाहणाऱ्यास वाटते, यांना वरचेवर लघवी होते, अर्थी ती साफ होत असली पाहिजे. आत मात्र तुंबलेल्या पाण्याचा दाब मूत्रपिंडांपर्यंत पोहोचलेला असतो. या अवस्थेत पुष्कळदा वेदनाही नसते. या संपूर्ण विषयात भिण्यासारखे काही असेल तर ते हेच होय.

बीमध्ये काय असते

सोललेल्या १०० ग्रॅम बियांत सुमारे ३० ग्रॅम प्रथिने आणि ४५ ते ५० ग्रॅम स्निग्ध पदार्थ असतात. मॅग्नेशियम ५०० मिलिग्रॅमहून अधिक, आणि जस्त सुमारे ७ ते ८ मिलिग्रॅम. अन्न म्हणून ही बी उत्तम आहे, याविषयी दुमत नाही.

जस्ताचा मुद्दा जाहिरातींतून फार गाजविला जातो. निरोगी प्रोस्टेटमध्ये शरीरातील इतर मृदू अवयवांच्या मानाने पुष्कळ अधिक जस्त असते, हे खरे. पण यावरून बी खाल्ल्याने ग्रंथी बरी होते असा निष्कर्ष काढणे म्हणजे अस्थींत चुना असतो म्हणून मोडलेल्या हाडास चुना चोळण्यासारखे आहे. हिशेबही करून पाहावा. परीक्षणांत दिलेली रोजची मात्रा १० ग्रॅम बियांची आहे. तीतून जस्त मिळते पाऊण मिलिग्रॅमच्या आसपास. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये प्रौढ पुरुषासाठी शिफारस केलेली रोजची मात्रा १७ मिलिग्रॅम आहे. विसावा हिस्सासुद्धा भरत नाही.

अधिक विचारार्ह घटक म्हणजे बीच्या तेलातील स्टेरॉल नावाचे पदार्थ. भोपळ्याच्या बीत त्यांचा एक विशिष्ट प्रकार आढळतो, जो इतर खाद्यतेलांत क्वचितच असतो. तो वर सांगितलेल्या वितंचकास किंवा संप्रेरकाच्या ग्रंथीतील पकडीस अटकाव करीत असावा, अशी कल्पना आहे. प्रयोगशाळेत तिला थोडाफार आधार मिळाला आहे. परंतु काचपात्रातील पेशी आणि सत्तर वर्षांचा माणूस यांत अंतर असते. ते अंतर तोडावयाचे तर माणसांवरच परीक्षण करावे लागते.

परीक्षणांची साक्ष

हे परीक्षण दिसते तितके सोपे नाही. लघवीचा त्रास मोजावयाचा कसा? त्यासाठी सात प्रश्नांची एक सर्वमान्य प्रश्नावली आहे: लघवी झाल्यावरही काही उरल्यासारखे वाटते का, दोन तासांच्या आत पुन्हा जावे लागते का, धार मध्येच तुटते का, कळ आवरणे कठीण जाते का, धार बारीक झाली आहे का, सुरुवातीस जोर करावा लागतो का, रात्री किती वेळा उठावे लागते. प्रत्येक उत्तरास शून्य ते पाच गुण. एकूण सातपर्यंत त्रास सौम्य, आठ ते एकोणीस मध्यम, वीस ते पस्तीस तीव्र.

आता गंमत अशी की हा त्रास आपोआप कमीजास्त होत असतो. माणूस वैद्याकडे जातो तो त्रास शिगेस पोहोचल्यावर. त्यानंतर काही काळ तो उतरणारच. शिवाय उपचार चालू आहे या जाणिवेनेही बरे वाटते. म्हणून शास्त्रज्ञ काही रोग्यांस औषध आणि काही रोग्यांस हुबेहूब तशीच दिसणारी, पण औषध नसलेली गोळी देतात. कोणास काय मिळाले हे परीक्षण संपेपर्यंत गुप्त राहते. औषधाचे श्रेय त्या कोऱ्या गोळीच्या वर जेवढे उरेल तेवढेच.

बियांच्या बाबतीत सर्वांत मोठे परीक्षण जर्मनीत झाले व ते २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात १४३१ पुरुष होते. त्यांचे तीन गट केले: एकास दिवसातून दोन वेळा ५-५ ग्रॅम बिया, दुसऱ्यास बियांच्या अर्काच्या गोळ्या, तिसऱ्यास कोऱ्या गोळ्या. हे वर्षभर चालले. प्रश्नावलीतील गुण पाच किंवा अधिकाने उतरले तर गुण आला असे मानावयाचे ठरले होते. कोऱ्या गोळ्या घेणाऱ्यांपैकी ४७.३ टक्क्यांना गुण आला! अर्काच्या गोळ्या त्यांहून सरस ठरल्या नाहीत. बिया खाणाऱ्यांत हे प्रमाण ५८.५ टक्के भरले.

या आकड्यांचा अर्थ लावताना दोन्ही बाजूंनी सावध राहिले पाहिजे. शंभरांमागे अकरा जणांचा फरक अगदीच उपेक्षणीय नाही. पण बी खाणाऱ्यास आपण बी खात आहोत हे ठाऊक असते; गोळीसारखी ती लपविता येत नाही, आणि म्हणून त्या फरकातील काही भाग श्रद्धेचाही असू शकेल. याच अर्काच्या आधीच्या एका परीक्षणात, जे २००० मध्ये प्रसिद्ध झाले व ज्यात ४७६ पुरुष होते, अर्काच्या गटात ६५ आणि कोऱ्या गोळीच्या गटात ५४ टक्क्यांना गुण आला होता. पुढे तिपटीने मोठ्या परीक्षणात तो फरक टिकला नाही. इराणमधील एका परीक्षणाने (२०२१) बियांच्या तेलाची तुलना थेट टॅम्सुलोसिनशी केली. तेल घेणाऱ्यांचे गुण उतरले, पण औषध घेणाऱ्यांचे अधिक उतरले. बियांमुळे वाढलेली ग्रंथी लहान होते, असे मात्र कोठेही सिद्ध झालेले नाही.

युरोपीय औषध संस्थेने यावर जी भूमिका घेतली आहे ती प्रस्तुत लेखकास समंजस वाटते. दीर्घकालीन वापराच्या परंपरेच्या आधारे लघवीच्या सौम्य तक्रारींसाठी भोपळ्याची बी वापरण्यास तिने मान्यता दिली, पण एका अटीवर: गंभीर विकार नाही अशी खात्री डॉक्टरने आधी करून घेतलेली असावी.

परंपरागत उपायांना अशी कसोटी लावणे म्हणजे त्यांचा अवमान, असे मानणारे लोक आहेत. त्यांनी काशीचेच एक उदाहरण आठवावे. भगंदरावर सुश्रुताने सांगितलेला क्षारसूत्राचा उपचार बनारस हिंदू विश्वविद्यालयात प्रा. पी. जे. देशपांडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात पुनरुज्जीवित केला. पुढे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने अनेक केंद्रांत शस्त्रक्रियेशी त्याची रीतसर तुलना केली. १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात जखम भरण्यास क्षारसूत्राने अधिक वेळ लागला, पण रोग उलटण्याचे प्रमाण कमी आढळले. कसोटीस उतरलेला उपाय अधिक मान मिळवून गेला. भोपळ्याची बी तीच कसोटी देऊन थोडक्या गुणांनी, काठावर उभी आहे.

खावयाच्या असतील तर

खाण्यास काही हरकत नाही. रोज मूठभर, म्हणजे १० ग्रॅमच्या आसपास, बिनमिठाच्या, किंचित भाजलेल्या बिया सकाळ-संध्याकाळ वाटून खाव्यात. बाजारी खारवलेल्या बिया रक्तदाब असणाऱ्याने टाळलेल्या बऱ्या. घरच्या लाल भोपळ्याच्या बिया धुऊन, वाळवून, कवच काढून खाव्यात. कवचासकट मुठीमुठीने खाल्ल्या तर वृद्धांना मलावरोध होतो, आणि भरलेले आतडे शेजारच्या मूत्रमार्गावर दाबून मूळ त्रास वाढविते. कूष्मांडनवमीस दान दिलेल्या कोहळ्याच्या बिया लाल भोपळ्याच्या नव्हेत, हे वर आलेच आहे. रात्री मगज घातलेली पेलाभर ठंडाई पिऊन ‘बियांचा उपाय’ केल्याचे समाधान मानणाऱ्याने त्या पेल्यातील पाणी पहाटेपर्यंत कोठे जाणार याचाही विचार करावा.

त्याउलट, यात्रेत अडचण नको म्हणून दिवसभर पाणीच न पिणारे वृद्ध सर्वत्र दिसतात. हे फार वाईट. लघवी गढूळ व दाहक होते, जंतुसंसर्ग व खड्यांना वाव मिळतो. पाणी दिवसा पुरेसे प्यावे. निजण्यापूर्वी दोन-तीन तास मात्र कमी करावे. सर्दीवरच्या कित्येक गोळ्यांत मूत्राशयाचे तोंड आवळणारी किंवा त्याचा स्नायू शिथिल करणारी द्रव्ये असतात. प्रोस्टेट वाढलेल्या माणसाने थंडीत अशी गोळी घेतली आणि रात्रीतून लघवी पूर्ण बंद झाली, ही हकिगत प्रत्येक इस्पितळास परिचित आहे. दुकानातून सर्दीची गोळी घेताना हा त्रास सांगावा.

ज्यांना टॅम्सुलोसिनसारखे औषध चालू आहे त्यांनी पंचगंगेच्या पायऱ्यांवर विशेष जपावे. या औषधाने झटकन उठताना रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. गार पाण्यातून बाहेर येऊन एकदम उभी चढण चढू लागणे तेव्हा धोक्याचे. पायरीवर थोडे बसावे, मग कोणाचा तरी हात धरून चढावे. बिया सुरू केल्या म्हणून हे औषध आपल्या मनाने बंद करू नये.

लघवीत रक्त दिसणे, थंडी वाजून ताप येणे, अंथरूण नकळत ओले होणे, कंबर किंवा हाडे सतत दुखणे, यांपैकी काहीही आढळले तर बियांचा विचार बाजूस ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. लघवी अजिबात बंद होऊन ओटीपोट फुगले असेल तर सकाळची वाट पाहू नये. नळी घालून मूत्राशय मोकळे करणे हे काही मिनिटांचे काम असते. अशा वेळी ‘उतरेल’ म्हणून पाण्यावर पाणी पाजणारे आप्त नकळत त्या माणसाचे हाल वाढवितात.

वरचेवर लघवी होण्याचे कारण दरवेळी प्रोस्टेटच असेल असे नाही. मधुमेह, मूत्रमार्गाचा आकुंचनरोग, खडा, मज्जातंतूंचा विकार, आणि कर्करोगसुद्धा, असाच वेष घेऊन येतो. कोणता आहे हे ठरविण्यासाठी लघवीची व रक्ताची साधी तपासणी, बोटाने ग्रंथी चाचपणे आणि पोटाची सोनोग्राफी, एवढ्यावर बहुधा भागते. लघवी केल्यानंतर आत किती उरली हे सोनोग्राफीत लगेच दिसते, आणि वर सांगितलेली मूक अवस्था त्यातच उघडकीस येते.

डॉक्टरकडे जाण्याआधी घरी एक नोंद करून न्यावी. तीन दिवस, दिवसरात्र, किती वाजता लघवी झाली आणि किती झाली ते लिहावे. मापासाठी खुणा असलेले प्लॅस्टिकचे भांडे चालते. किती पाणी, चहा, दूध घेतले तेही शेजारी लिहावे. वृद्धांना हे सांगण्याचा संकोच वाटतो, पण लिहिण्याचा वाटत नाही, असा अनुभव आहे. वहीच्या एका पानावर, नाहीतर पंचांगाच्या समासातसुद्धा, हे मावते. तो कागद मुलाने वा नातवाने न वाचता पाकिटात घालून बरोबर न्यावा आणि डॉक्टरच्या हाती द्यावा. त्यात रोजच्या बियांची मूठही लिहिलेली असावी.